सातशे अठ्ठावीस बाय नव्वद

"आता बॅनर लावायला लागतील, बाबा," जावईबापू फोनवर म्हणाले. "त्याशिवाय आपल्या वेबसाइटकडे कुणी फिरकणार नाही."

"लावू की!" उशीवाले काका म्हणाले. त्यांच्या मांडीवर एक अर्धी भरलेली उशी होती आणि मिशीत कापूस अडकला होता. "माप सांगा."

"सातशे अठ्ठावीस बाय नव्वद. मजकूर तुम्ही ठरवा, मी आलो की पुढचं बघतो. फक्त 'इथे दाबा' एवढं हवंच. पत्ता लिहायची गरज नाही. दाबलं की माणूस थेट आपल्याकडे पोचतो."

"पोचतो?" काकांनी आ वासला, पण लगेच मिटलाही. "हो हो, पोचणारच. आणि लावायचा कुठे?"

"जास्तीत जास्त लोकांच्या नजरेला पडेल तिथे."

काकांना यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण विचारायची सोय नव्हती. जावईबापूंची नोकरी गेली होती. घरात तसं कुणी म्हणत नसे. "ते सध्या घरीच असतात" एवढंच लेक सांगायची. सासऱ्यांच्या उशांसाठी वेबसाइट काढायची हे त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं. तेव्हा लेकीने बापाला बाजूला घेऊन बजावलं होतं, "बाबा, त्यांच्या कामात शंका काढू नका हं. रात्र रात्र झोपत नाहीत ते. आपल्याला काहीतरी येतं असं त्यांना वाटू दे. नाहीतर माणूस खचेल." काकांनी शब्द दिला होता. जावयाला शंका विचारणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

"सातशे अठ्ठावीस काय? फूट?" काकूंनी विचारलं.

"फूट कसे असतील? पार नदीपलीकडे जाईल ते. इंच! उशांच्या धंद्यात दुसरं काय असतं?"

"फोन करून विचारा ना एकदा."

"आणि त्यांना वाटू दे, सासऱ्याचा भरवसा नाही म्हणून? मुळीच नाही."

सातशे अठ्ठावीस इंच म्हणजे साठ फुटांच्या वर, आणि नव्वद म्हणजे साडेसात. काकांनी उशांच्या अभ्र्यांचं पांढरं कापड काढलं आणि शिवायला बसले. कापड मशीनखालून निघून खोलीभर पसरलं, जिना उतरलं, अंगणात गेलं. शिवता शिवता काकांची तंद्री लागली. त्यांना दिसायला लागलं, की कुठल्या कुठल्या गावची माणसं बोट टेकवतात, जमिनीवरून अलगद सुटतात आणि तरंगत तरंगत येऊन दुकानाच्या पायरीवर उतरतात. जावईबापू दारात उभे राहून प्रत्येकाला "या, बसा" म्हणतात. त्या गर्दीत जावयाचा चेहरा लग्नातल्यासारखा हसरा होता. काकांचे डोळे भरून आले आणि शिवण जरा वाकडी गेली.

मजकूर त्यांनी निळ्या अक्षरांत लिहिला: "झोप येत नाही? इथे दाबा." भिंतीवर दाबून लोकांची बोटं दुखतील म्हणून 'इथे'च्या खाली त्यांनी खरीखुरी उशी शिवली, खास मऊ कापसाची.

आता एवढा बॅनर काकांच्या चिमुकल्या दुकानावर मावणार कसा? तो शेजारच्या न्हाव्यावरून, चष्मेवाल्यावरून थेट दातांच्या डॉक्टरांपर्यंत गेला. "जावयाचं काम आहे," एवढंच काका म्हणाले, आणि कुणालाही नाही म्हणवेना.

सगळ्यांच्या खिडक्या झाकल्या गेल्या. ऊन कापडातून गाळून आत येऊ लागलं, दुधासारखं, मऊ. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर घोरायला लागलं. आता याला उठवायचं कसं, असा विचार करत न्हावी बाकावर टेकला आणि तिथेच लवंडला. चष्मेवाल्याकडे एक बाई तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या. तिसऱ्या ओळीत त्यांचा आवाज विरून गेला. डॉक्टरांचा रोगी तर तोंड उघडं ठेवूनच झोपला, आणि डॉक्टरांनी त्याला न दुखवता दात काढून घेतला.

बाहेर लोक थांबून थांबून उशी दाबत होते.

"दाबलं, काका. आता?"

"थांबा जरा. पोचाल."

"कुठे?"

ते काकांनाही ठाऊक नव्हतं. एका थकलेल्या शिक्षिकेने बोटाऐवजी गालच टेकवला. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पोचले," आणि हसत घरी गेली. मग रांगच लागली. येईल तो गाल टेकवायचा, पोचायचा आणि ताजातवाना होऊन निघून जायचा. उशी मात्र कुणी घेईना. जावयाची योजना आपल्या हातून बुडाली की काय?

तेवढ्यात न्हावी डोळे चोळत आला. "काका, सकाळपासून माझं एक गिऱ्हाईक उठलेलं नाही. खुर्ची रिकामी होईल तर दुसरं बसवीन ना!"

आणि त्याच वेळी समोरून जावईबापू आले. बॅनरच्या या टोकावर त्यांची नजर पडली, ती चालत चालत त्या टोकाला गेली आणि परत आली.

"इंच इंच मोजून केलाय," काका कसेबसे म्हणाले. "चुकलं का काही?"

"छे छे, बाबा. उत्तम झालाय."

पण त्यांचा चेहरा पाहून काकांना राहवेना. "खरं सांगा."

"ते पिक्सेल होते, बाबा. बॅनर कॉम्प्युटरवर लावायचा होता. वीतभर लांबीचा." जावईबापू पायरीवर बसले. "पण तुम्ही विचारलं का नाहीत?"

"जावयाला कसं विचारायचं?"

जावईबापू हळूच म्हणाले, "मीही नाही विचारलं. तुम्ही म्हणालात उशी सत्तावीस बाय अठरा. मी सेंटिमीटर लिहून मोकळा झालो. सासऱ्यांना कसं विचारायचं? तुमचा मजकूर येईपर्यंत म्हणून मी एक छोटा बॅनर परवा टाकला होता. ऑर्डरी आल्यात, ढीगभर. तेच सांगायला धावत आलो. मला एवढंच कळेना, की सगळ्या मांजरं पाळणाऱ्यांच्याच कशा."

काकांनी दोन हातांनी हवेत सत्तावीस सेंटिमीटर धरून पाहिले. मग दोघेही असे हसत सुटले, की चष्मेवाल्याकडच्या बाई जाग्या होऊन चौथी ओळ वाचू लागल्या. जावयाला इतकं हसताना काकांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

काकू आतून कात्री घेऊन आल्या. "हसून झालं असेल तर बॅनर उतरवा. मांजरांच्या उशांना कापड लागेल."

"उतरवतो. आधी एक विचारू द्या," काका जावयाजवळ पायरीवर सरकून बसले. "हे पिक्सेल म्हणजे काय हो?"

जावईबापूंचा चेहरा उजळला. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं. बाह्या सरसावून त्यांनी सुरुवात केली, "असं बघा, बाबा, पडद्यावर बारीक बारीक ठिपके असतात..."

दुसऱ्या ठिपक्यापाशी काकांचं डोकं त्यांच्या खांद्यावर कललं. जावईबापूंनी खांदा हलू दिला नाही. त्यांनी आवाज खाली आणला आणि पुढचं सगळं नीट, सावकाश समजावून सांगितलं.