यादीतलं लग्न

तोर्नबेकच्या ग्राममंडळाचा जुना कॉम्प्युटर मंगळवारी सकाळी बंद पडला तो पडलाच. अध्यक्ष प्रेबेन ब्रॉगोर्डला वरवर वाईट वाटलं, पण आतून त्याला गुदगुल्या झाल्या. नवा लॅपटॉप कॉम्प्युटर दोन आठवड्यांपूर्वीच येऊन खोक्यात पडला होता, आणि जुना जिवंत असताना नव्याला हात लावणं बरं दिसत नाही असं म्हणत त्याने कळ काढली होती.

प्रश्न फक्त यादीचा होता. गावातल्या तीनशे बारा घरांची नावं, पत्ते, फोन, वाढदिवस आणि लग्नाच्या तारखा त्या यादीत होत्या. तोर्नबेकमध्ये कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली की शेजारीपाजारी पहाटे फर झाडाच्या हिरव्या फांद्यांची कमान घेऊन जातात, ती दाराला ठोकतात, पितळी वाजंत्री खिडकीखाली वाजते आणि जोडपं झोपेच्या कपड्यांत बाहेर येऊन आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असा चेहरा करतं. मग आलेल्या सगळ्यांना न्याहारी घालतं. त्यामुळे आधी त्या जोडप्यापाशी कुणी चकार शब्द काढत नाही. अळीमिळी गुपचिळी. कुणाकडे कधी जायचं ते यादी ठरवते आणि शेजाऱ्यांना पत्रंही तीच पाठवते.

यादीच्या प्रती टेबलाच्या खणात होत्या. कैलासवासी चिटणीस होल्गर दोन पेनड्राइव्ह मागे ठेवून गेला होता. एकावर नुसतं ‘प्रत’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘सर्वात नवी प्रत’. कुठल्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच प्रेबेनने केलं. होल्गरने ती चिठ्ठी बारा वर्षांपूर्वी चिकटवली होती आणि त्या दिवशी ती अगदी खरी होती.

नव्या कॉम्प्युटरने विचारलं, ही यादी आणू का? प्रेबेनने ‘हो’ दाबलं. मग त्याने विचारलं, या महिन्याची पत्रं पाठवू का? इतक्या नम्रपणे प्रेबेनला घरीही कुणी काही विचारत नसे. त्याने तेही ‘हो’ दाबलं. पडद्यावर घरांची संख्या आली तीनशे एक्केचाळीस. दर वर्षी दोनचार घरांना कुलूप लागणाऱ्या गावात एकदम एकोणतीस घरं वाढली, याचं श्रेय आपल्या कारकिर्दीला घेऊन तो जेवायला घरी गेला.

घरी लिस्बेट होती. सात वर्षांपूर्वी ती आपला नवरा एस्बेन याला सोडून, गिरणीच्या रस्त्यावरचं चौदा नंबरचं घर सोडून, दोन बॅगा आणि एक शिवणयंत्र घेऊन प्रेबेनकडे राहायला आली. तेव्हापासून प्रेबेनच्या आयुष्यात एकच हौस उरली होती, तिच्याशी लग्न करायची. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला तो विचारायचा आणि दर वर्षी ती म्हणायची, “आहे ते बरं चाललंय की.” या वर्षी मात्र होकार घेतल्याशिवाय हटायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

त्या आठवड्यात गाव एकाएकी प्रेबेनशी फार मायेने वागू लागलं. बेकरीवालीने दालचिनीच्या गुंडाळ्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. रस्त्यात दोघांनी काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गुरुवारी कमान समितीची इंगर स्वतः वाटाण्याचं सूप घेऊन मंडळाच्या कचेरीत आली. इंगर सत्तरीची, आणि तिने आजवर कुणाला फुकट पाणीही पाजलेलं नव्हतं.

“जेवतोस ना वेळेवर?” तिने विचारलं.

“जेवतो की. का?”

“किती वर्षं झाली रे एकंदर?”

“बारा,” प्रेबेन म्हणाला. तिची नजर कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे आहे असं त्याला वाटलं होतं.

“बारा?” इंगर खुर्चीत बसली. आम्हाला सातच माहीत होती, असं तिच्या तोंडावर आलेलं तिने गिळलं. “आणि आता?”

“आता काय, गेलं ते गेलं. शेवटी शेवटी नुसतं तापायचं आणि घरघर करायचं. मी रडत बसणाऱ्यांतला नाही. नवं आणलंय.”

इंगर उठली. दाराशी जाऊन ती म्हणाली, “शनिवारी सकाळी साडेसहाला एक रौप्यविवाह आहे. अध्यक्ष म्हणून भाषण तुझंच असतं. नाही जमलं तर आम्ही समजून घेऊ.”

“न जमायला काय झालं? कुणाचा आहे?”

“तुला माहीत आहे कुणाचा. मी काही नाव घेणार नाही.”

अध्यक्षाला माहीत नाही असं म्हणणं प्रेबेनला शोभलं नसतं, म्हणून तो म्हणाला, “हो हो, माहीत आहे.” शुक्रवारी दुपारी भाषण लिहायला बसला तेव्हा त्याने यादी उघडली. शनिवारच्या तारखेसमोर लिहिलं होतं: एस्बेन आणि लिस्बेट, गिरणीचा रस्ता, चौदा.

प्रेबेनने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. होल्गर स्वतः हयात होता. आधीचे पाद्रीबुवा बदलीहून परत आले होते. चौथीतली सगळी पोरं अजून जन्मायची होती. आपल्या हाताने, आपल्या बोटाने, आपण आपल्याच बाईचा तिच्या पहिल्या नवऱ्याशी रौप्यविवाह लावून दिला आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने इंगरला फोन लावला. “इंगर, घोटाळा झालाय. यादी जुनी आहे. ती दोघं एकत्र नाहीत.”

इंगर म्हणाली, “प्रेबेन, माझी बहीण गेली तेव्हा मीही महिनाभर हेच म्हणत होते. मान्य करायला वेळ लागतो.”

“अगं, ती इथे माझ्या घरात राहते.”

“उद्या सकाळपर्यंत राहील. तिला त्रास देऊ नकोस. माणसं परत एकत्र येतात, त्यांच्या घरात आपण कशाला डोकवायचं? आम्ही कुणीच काही विचारलं नाही बघ. शिवाय फांद्या तोडून झाल्यात.”

तोडलेल्या फांद्यांपुढे तोर्नबेकमध्ये अपील नसतं. प्रेबेनने सगळं लिस्बेटला सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. “तारीख बरोबर आहे,” एवढंच म्हणाली आणि निळा ब्लाउज इस्त्री करायला घेऊन गेली.

शनिवारी साडेसहाला चौदा नंबरसमोर साठ माणसं उभी होती. कमान ठोकून झाली होती, तिच्या मध्यावर चंदेरी पंचवीसचा आकडा होता. पुरावा म्हणून प्रेबेन नवा कॉम्प्युटर काखेत मारून आला होता. शेजारी लिस्बेट, निळ्या ब्लाउजमध्ये. गावाने तिला त्याच्याबरोबर येताना पाहिलं आणि काही टोप्या उतरल्या. स्वतः पोहोचवायला आला, मनाचा किती मोठा माणूस.

वाजंत्री वाजली. एस्बेन गंजिफ्रॉकवर दार उघडून बाहेर आला आणि कमान, माणसं, भोंगे यांकडे पाहत राहिला.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका झकास न-माहीत-असल्याचा चेहरा गावात आजवर कुणाला साधला नव्हता.

“मला खरंच काही माहीत नाही,” एस्बेन म्हणाला.

“वा,” इंगर म्हणाली, “अजून कर.”

आता मूग गिळून चालणार नव्हतं. प्रेबेन पायरीवर चढला आणि कॉम्प्युटर उघडून गर्दीकडे धरला. “मंडळी, ही बारा वर्षांपूर्वीची यादी आहे. हिच्यात होल्गर जिवंत आहे. होल्गरच्या मातीला आपण सगळे होतो. तेव्हा जसा होल्गर, तसंच हे लग्न.”

गर्दी विचारात पडली. तेवढ्यात लिस्बेट हळूच म्हणाली, “होल्गरचं चुकलंय. लग्नाचं बरोबर आहे.”

“म्हणजे?” प्रेबेनने विचारलं.

“आमचा घटस्फोट झालेलाच नाही. अर्ज एस्बेन भरणार होता.”

साठ माणसांनी एस्बेनकडे पाहिलं. त्याने कान खाजवला. “भरायला बसलो होतो की. त्यात लग्नाची तारीख विचारतात. मला आठवेना. आता जी बाई आपल्याला सोडून गेली तिलाच फोन करून विचारायचं का, की बाई, आपलं लग्न कधी झालं होतं?”

“सात वर्षं,” प्रेबेन लिस्बेटला म्हणाला. “सात वाढदिवस मी विचारतोय. मला वाटलं, मीच आवडत नाही.”

“कशी सांगणार रे? पहिल्या वर्षी सांगणं घाईचं वाटलं, तिसऱ्या वर्षी उशीर झाला. मग दर वर्षी तू विचारायचास आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.” तिचे डोळे भरून आले. वाजंत्रीवाल्यांनी सभ्यपणे भोंग्यांतलं पाणी काढायला सुरुवात केली.

एस्बेन मात्र पडद्याकडे निरखून बघत होता. “ही तारीख का? पंधरा? मला सतरा की काय वाटत होतं. आण इकडे ते यंत्र.”

पायरीवरच बसून त्याने सरकारी अर्ज उघडला. एका बाजूला गावाची यादी ठेवून तारीख उतरवली. मग एस्बेनने आपल्या फोनवर संमती दिली, लिस्बेटने आपल्या. साठ माणसं श्वास रोखून पाहत होती. अर्ज गेल्याची पोच आली तेव्हा इंगरने सवयीने टाळी वाजवली आणि मग हात मागे घेतले. तोवर एस्बेनच्या घरात शिरून शेजारणीने चाळीस पाव भट्टीत घातले होते, त्यांचा वास बाहेर येऊ लागला.

आता सगळे प्रेबेनकडे वळले. सात वर्षं पाठ असलेला प्रश्न त्याच्या ओठावर यायला हवा होता. तो आला नाही. नकार मिळणार हे ठाऊक असताना माणूस किती बेधडक विचारतो ते त्याला आज कळलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा उघडलं.

“लिस्बेट,” शेवटी गंजिफ्रॉकवरचा एस्बेनच म्हणाला, “अर्ज मंजूर झाला की याच्याशी लग्न करशील का, असं विचारतोय तो. चटकन सांग, पाव करपतायत.”

लिस्बेटने डोळे पुसले आणि एस्बेनकडे पाहिलं. “पहिल्या वेळेपेक्षा बरं विचारलंस,” ती म्हणाली. मग प्रेबेनकडे वळली. “करीन. पण या वेळी तारीख मी कुणावर सोपवणार नाही, कॉम्प्युटरवर तर नाहीच. तू ती पाठ करायची.”

प्रेबेनला एकदाचा कंठ फुटला. “कोणती?” त्याने विचारलं.