विलियामूचं मयत

सबंध सावाई बेटावर माझ्याइतका बहुगुणी मास्तर दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्राचं वेळापत्रक म्हणतं. सकाळी रुग्णसेविका होणाऱ्या मुलींना मी आरोग्याचं प्राथमिक ज्ञान देतो, जेवणाआधी फ्रीज-पंखे दुरुस्त करणाऱ्या मुलांना तंत्रज्ञानाचं, आणि जेवणानंतर जे कुणी जागं असेल त्यांना व्यापाराचं. तीन विभाग, तीन पुस्तकं, मास्तर एक, सेमिसी. बाकीचे मास्तर न्यूझीलंडला निघून गेले हे त्याचं खरं कारण, पण ते सध्या बाजूला ठेवू.

तर आमचा सरावाचा पुतळा समुद्रापलीकडे, राजधानीत आपियाला दुरुस्तीला पडला होता. पुतळा म्हणजे दगडाचा नव्हे, रबराचा पेशंट. चांगला पुरुषभर लांब, डोळे अर्धवट उघडे, तोंड 'आ' केलेलं, आणि पोटात एक मोटर. मोटर चालली की छाती वर-खाली होते. मुलींनी त्याचा श्वास बघायचा, छाती दाबायला शिकायचं. सोमवारी त्यांची परीक्षा होती. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "मी आणतो ना! माल उचलायचा, गाडीत टाकायचा, बोटीवर चढवायचा. त्यात काय एवढं?"

निघताना आपियाच्या सालोफा आत्याने एक तलम चटई हातात दिली. लग्नाला, मयताला देतात ती. कित्येक महिने खपून विणलेली, काठाला तांबडी पिसं. ती सावाईला तिच्या नणंदेकडे पोचवायची होती. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. पुतळा पिकअपच्या हौद्यात आडवा घातला आणि खाऱ्या पाण्याने रबर खराब होऊ नये म्हणून वरून चटई पांघरली. पाय तेवढे बाहेर राहिले. त्यांना माझे रविवारचे पांढरे मोजे चढवले. बॅटरी काढून खिशात टाकली, कारण यंत्र हलवण्याआधी बॅटरी काढावी, तंत्रज्ञान, धडा पहिला. मी जे शिकवतो ते करतोसुद्धा, असे मास्तर आता राहिले नाहीत.

धक्क्यावर शनिवारची रांग पार फाट्यापर्यंत लागली होती. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने पहारेकरी रांग बघत बघत आला, माझ्या हौद्याकडे त्याची नजर गेली आणि त्याने टोपी काढली. मग हाताने पुढे चला अशी खूण केली. पुढच्या ट्रकवाल्याने गाणी बंद केली. गाड्या एकेक करून बाजूला झाल्या. एका बाईने पोराच्या हातातलं आईस्क्रीम काढून घेऊन पाठीमागे लपवलं.

ग्राहकाचा गैरसमज त्याच क्षणी दूर करावा, असं व्यापाराच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय. मीच ते पोरांकडून पाठ करून घेतो. पण ते वाक्य लिहिणारा माणूस त्या उन्हात रांगेत उभा राहिलेला नसावा. मी मान खाली घातली आणि गाडी पुढे काढली.

बोटीवर गाड्या खालच्या मजल्यावर आणि माणसं वर, वाऱ्याला. मीही वर निघालो. तर जिन्याशी बोटीवरच्या खलाशाने वाट अडवली.

"मयताला एकटं टाकून कुठे निघालात?"

"जरा चहा..."

"चहा मी आणून देतो. तुम्ही बसा त्यांच्याजवळ."

बसलो. भर दुपार, पण खाली कोंदट अंधार होता. डिझेलचा वास, लोखंडावर आपटणारं पाणी, आणि मधूनच कुठल्यातरी साखळीचा आवाज. मग वरून बायका यायला लागल्या. एक आली, दुसरी आली, चपला काढून हौद्याच्या काठावर आणि भोवती टेकल्या. पाठोपाठ एक पाद्री आले. त्यांनी सगळ्यांना फोन मुके करायला सांगितले आणि संथ आवाजात गीत सुरू केलं. त्या गाण्याने माझ्याच अंगावर काटा आला. क्षणभर मला वाटलं, खरंच कुणीतरी गेलंय आणि ते मलाच तेवढं कळवलेलं नाही.

हौद्यात, पुतळ्याच्या डोक्याशी एक म्हातारी बसली होती, फेतूमावशी. बारीक चणीची, ऐकायला कमी. तिने विचारलं, "कुठून आणला?"

"मूळचा ऑकलंडचा," मी म्हटलं. खोटं नव्हतं. तो तिकडूनच देणगीत आला होता.

"काय करायचा?"

"दवाखान्यात होता." हेही खरं.

"नाव काय पोराचं?"

आता रबराला नाव कुठलं? ऑकलंडला प्रत्येक गावाचा निदान एक विलियामू असतोच, म्हणून मी म्हटलं, "विलियामू."

"गाव?"

बोटीवर कुणी ओळखीचं निघू नये म्हणून मी बेटाच्या पार टोकाचं, वाटेत कुणाला न लागणारं गाव सांगितलं. "फागालेमू."

गाणं चालू होतं, पण फेतूमावशीचे ओठ थांबले. तिने चटईवर हात ठेवला.

"मी फागालेमूची," ती म्हणाली. "माझा विलियामू ऑकलंडला दवाखान्यात लादी पुसायला होता."

माझ्या पायाखालची बोट सरकली. बोट तशीही सरकतच होती, पण ही वेगळी. मी म्हटलं, "मावशी, ऐका, हा तो नव्हे. हा माणूसच नव्हे..."

"असं बोलू नये मास्तर," पाद्री हळूच म्हणाले. "गेला तरी माणूस माणूसच असतो."

"अहो, तोंड बघा, मी दाखवतो!" मी चटईचं टोक धरलं. लगेच चार बायकांनी माझा हात धरला. बोटीवर मयताचं तोंड उघडत नाहीत, एवढंही कळत नाही का? दुःखाने मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. खलाशाने माझ्या हातात चहा दिला.

फेतूमावशी रडत नव्हती. ती चटईशीच बोलत होती. "बाप गेला तेव्हा आला नाहीस. सुट्टी नाही म्हणालास. मी रागाने म्हटलं, आता माझ्या मयतालाच ये. तेव्हापासून फोन नाही. किती वर्षं वाट बघितली मी. एकदा तरी करायचास रे."

मी आयुष्यात इतका कानकोंडा कधी झालो नव्हतो. एका रांगेपायी मी एका आईचा मुलगा मारला होता. आता काय वाटेल ते होवो, मोठ्याने ओरडून सांगायचं म्हणून मी उभा राहिलो. आणि गाणं थांबलं.

मी बायकांकडे पाहिलं. त्या सगळ्या चटईकडे बघत होत्या. काठाची तांबडी पिसं हळूच वर गेली, थांबली, आणि खाली आली. मग पुन्हा वर.

बोट समुद्राच्या मध्यावर होती. कुणीही हललं नाही. छाती वर जात होती, खाली येत होती, झोपलेल्या माणसासारखी, सावकाश. मी खिशात हात घातला. बॅटरी खिशात होती. मी ती मुठीत घट्ट धरून उभा राहिलो. ज्या यंत्रात वीज नाही ते यंत्र चालत नाही. हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

"श्वास घेतोय," फेतूमावशी म्हणाली. अगदी शांतपणे, भात शिजला म्हणावं तसं. मग ती खाली वाकली. "विलियामू, काय राहिलं रे तुझं? कशासाठी थांबलायस? सांग मला."

आमच्याकडे मेलेला माणूस काही राहिलं असेल तर परत येतो, आणि आला तर त्याला नीट विचारायचं असतं. सगळे उत्तराची वाट बघत होते. लाज वाटते सांगायला, पण मीही बघत होतो.

तेवढ्यात चटई थरथरली.

श्वास नव्हे. छातीच्या आतून घुर्रर्र असा आवाज आला, थांबला, परत आला. पाद्रींनी डोळे मिटले. मी दोन्ही हातांनी त्या छातीवर पडलो आणि ती दाबून धरली. आरोग्य, धडा तिसरा. थरथर थांबली. आणि माझ्या तळहाताखालून, छातीतून, एका पुरुषाचा आवाज आला.

"आई?"

यानंतर त्या मजल्यावर जे झालं त्याला पळापळ म्हणणं हा पळापळीचा अपमान आहे. जिन्यावर पाद्री सर्वांत पुढे होते. खलाशी एका ट्रकखाली शिरला. मीही पळालो असतो, पण माझे पाय मला सोडून आधीच गेले असावेत.

"आई, मी विलियामू बोलतोय."

जागची हलली नाही ती एकटी फेतूमावशी. तिने चटईकडे बघून विचारलं, "जेवलास का?"

"आई, मी जिवंत आहे गं! कामावर आहे. कुणीतरी फोटो टाकलाय, बोटीवर माझं मयत म्हणून. इथे सगळे मला हार घेऊन आलेत!"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. 'एकदा तरी करायचास रे' म्हणताना मावशीने कमरेच्या गाठीतला जुना बटणांचा फोन चटईखाली, अगदी छातीवर सरकवून ठेवला होता. ऐकायला कमी येतं म्हणून त्याचा आवाज पार वाढवलेला. मुका केला होता म्हणून तो नुसता थरथरला, आणि मी दाबल्यावर उचलला गेला. मी फोन काढून तिच्या हातात दिला. मग चटई बाजूला केली.

तिने ते रबराचं तोंड पाहिलं. अर्धे उघडे डोळे, वासलेलं तोंड. मग माझ्याकडे पाहिलं. आता माझं मयत, अशी मनाची तयारी करून मी सगळं सांगून टाकलं, रांगेपासून.

ती ऐकत राहिली. मग फोन कानाला लावला. "तू खरंच तिथे आहेस?"

"हो गं, आई."

आणि इतका वेळ कोरडी असलेली ती बाई रडायला लागली. तोंडावर हात धरून, हमसून हमसून. मीही तोंड फिरवून डोळे पुसले. पलीकडे तोही रडत असावा, कारण बराच वेळ फोनमधून नुसताच नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"आता ये," शेवटी ती म्हणाली.

"आई, सुट्टीचं जरा..."

"मेला असतास तर सुट्टी मिळाली असती ना? मग तशीच घे."

बोट धक्क्याला लागली तेव्हा सगळं फागालेमू बस भरून हजर होतं. गावात डुकरं कापली गेली होती, तापल्या दगडांची उमूची भट्टी पेटली होती. मी पुतळा उचलायला गेलो, तर मावशीने त्याच्या मोज्यावर हात ठेवला.

"हा माझ्याकडे राहील. विलियामू येईपर्यंत. रिकाम्या हाताने गेले तर एवढं जेवण लोकांना कशाचं म्हणून वाढू?"

"मावशी, सोमवारी परीक्षा आहे."

"माझ्या घरी घे."

घेतली. तिच्या चहूबाजूंनी उघड्या घरात, सगळा गाव भोवती बसलेला. मुली छाती दाबत होत्या आणि बायका प्रत्येक दाबाला सुस्कारे सोडत होत्या. सगळ्या पास झाल्या. नापास करायची माझी हिंमत नव्हती. छाती बॅटरीशिवाय कशी हलली, हे मी आपियाच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. बोटीच्या इंजिनाच्या हादऱ्याने आत हवा भरली असेल, असं तो म्हणाला. मग त्याने मला विचारलं, "तुम्ही नीट पाहिलंत ना?" आणि दुकान लवकर बंद केलं.

विलियामू आठवडाभरात आला. जाडजूड, नवेकोरे बूट, हातात चॉकलेटची पिशवी. पायरीशीच उभा राहिला, आत यायचा धीर होईना. आईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, ताटभर तारोचे उकडलेले कंद आणि मासे पुढे ठेवले आणि तो खाईपर्यंत समोर बसून माश्या वारत राहिली.

"आई, मी झोपू कुठे?" त्याने विचारलं.

"त्याच्या शेजारी," ती म्हणाली. "तो घोरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विलियामू माझ्या वर्गाच्या दारात उभा. डोळे तांबारलेले.

"मास्तर, आई म्हणते ते खरंय, तो घोरत नाही," तो म्हणाला. "पण कूस बदलतो."

पुतळा परत आणायला जायचंय. आज विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी पाठवावं, असं मी ठरवतोय.