बिनदाराची टपालपेटी

हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. "लिहिलंस तर याद राख," असा दमच पुठ्ठ्यानं दिला होता. पण हल्ली तो स्वतःच चार माणसांत हे रंगवून सांगतो, आणि त्यात स्वतःला शहाणा करून सांगतो. तेव्हा खरं काय झालं ते एकदाचं लिहून टाकलेलं बरं.

पुठ्ठ्या पॅकिंगचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात, चिकटवायच्या टेबलावर कामाला. त्याचा जिवलग दोस्त लंबू. लंबूचं लग्न ठरलं ते घरोघर टपाल वाटणाऱ्या मुलीशी. तिची हौस एकच होती. पाहुण्यांची शुभेच्छापत्रं टाकायला हॉलमध्ये लाल टपालपेटी हवी, अगदी खरी वाटेल अशी. लंबूनं छाती ठोकून हो म्हटलं आणि काम पुठ्ठ्याच्या गळ्यात मारलं.

"तिचं अख्खं ऑफिस येणार आहे. पेटी बघून कोणी फिसकन हसलं ना, तर तू कोण आणि मी कोण!"

पुठ्ठ्यानं जीव ओतला. तिहेरी पुठ्ठा, गोल टोप, टोपाखाली फट, काळं बूड, चकचकीत लाल रंग, पुढे टपाल उचलायच्या वेळांची पाटीसुद्धा. लग्नाच्या सकाळी रंगाचा शेवटचा हात मारला, पेटी वाळायला फाटकाबाहेर उन्हात ठेवली आणि आंघोळीला गेला.

बाहेर येतो तर शेजारचे मास्तरकाका मनगटापर्यंत हात पेटीत घालून उभे.

"काका, रंग ओला आहे!"

"रंग गेला खड्ड्यात. माझं पत्र काढून दे आधी."

झालं होतं असं की रागाच्या भरात काकांनी धाकट्या भावाला पत्र लिहिलं होतं. 'तू मला मेलास आणि मी तुला.' टाकायला निघाले तर पेटी दारातच! टाकलं. आणि टाकल्या क्षणी पस्तावले.

"अहो, मग काळजी कसली? ही लग्नातली खोटी पेटी आहे. पत्र कुठंही जात नाही."

"खरंच? वाचलो रे बाबा! मग उघड."

पुठ्ठ्यानं पेटी फिरवली. परत फिरवली. मग उलटी करून बघितली आणि मटकन खालीच बसला. पेटीला दार नव्हतं. कारखान्यात त्याचं काम खोका बंद करायचं. उघडायचं काय ते गिऱ्हाईक बघून घेतं.

"मग फाड," काका म्हणाले.

"फाडू? आत्ता हॉलवर पोचवायचीय!"

"माझा भाऊ तुटेल रे!"

"आणि माझा दोस्त, काका?"

शेवटी तोडगा निघाला. समारंभानंतर पेटी कापतील तेव्हा पत्र काढून घ्यायचं, आणि तोवर कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. पण काकांचा भरवसा बसेना. ते पेटीला मिठी मारून स्कूटरवर मागे बसले. रस्त्यात हवालदारानं शिट्टी मारली. "सरकारी पेटी उपटून कुठं चाललात?" पुठ्ठ्यानं पेटी एका बोटावर तोलून दाखवली, तेव्हा कुठं सुटका झाली. काकांच्या पांढऱ्या सदऱ्याचं मात्र तोवर पार वाटोळं झालं होतं.

हॉलवर पेटीनं मैदान मारलं. नवरी खुलली, तिचं ऑफिस पेटीशेजारी फोटो काढून घेऊ लागलं. काका लाल सदऱ्यानं पेटीजवळ खांबासारखे उभे. कोणीतरी विचारलं, "आपण नवऱ्याकडचे का नवरीकडचे?"

"पेटीकडचे," काका म्हणाले.

जेवणं झाली. काका नेमके हात धुवायला गेले, पुठ्ठ्याला फोटोसाठी ओढून नेलं, आणि तेवढ्यात नवरीनं कात्रीनं पेटी कापली. पुठ्ठ्या धावत आला तर टेबलावर पत्रांचे नीट गठ्ठे. टपालवाल्यांनी सवयीनं वाटणीच करून टाकली होती.

"वहिनी, यात एक तिकीट लावलेलं पत्र..."

"हो, होतं ना! पत्ता इथलाच, मागच्या गल्लीपलीकडचा. आमच्या ऑफिसातल्या तात्यांच्या घरच्या वाटेवर आहे, ते घेऊन गेले. लग्न असलं म्हणून काय झालं, पत्र पोचायला नको?"

हात पुसत आलेले काका तिथंच खुर्चीत कोसळले.

पुठ्ठ्यानं लंबूला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. लंबूनं कपाळावर हात मारला, तसाच सुटाबुटात स्कूटरवर बसला आणि दोघं सुटले. पोचले तेव्हा काकांचे भाऊ दारातच उभे होते. हातात पत्र. पाकीट फोडलेलं.

पुठ्ठ्या स्कूटरवरून उतरायचाच विसरला.

"बरे आलात," भाऊ म्हणाले. "अक्षर दादाचं आहे एवढं कळतंय. चष्मा दुरुस्तीला टाकलाय. जरा वाचून दाखवता?"

पुठ्ठ्यानं कागद घेतला. पहिल्याच ओळीत दोघंही भाऊ मेलेले. त्यानं खाकरून सुरुवात केली, "'प्रिय धाकट्या, फार दिवस रागात काढले. चुकलं माझं. तुझ्याशिवाय घर खायला उठतं.'"

लंबूनं डोळे गच्च मिटून घेतले.

"चुकलं? दादा म्हणाला असं?" भाऊंनी कागद परत हातात घेतला. मग त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि चपला घातल्या. "चला, मला त्याच्याकडे न्या. हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. त्यालाच वाचायला लावतो."

स्कूटरवर तिघं. मध्ये पुठ्ठ्या, मागे भाऊ डोळे टिपतायत.

"मेलो," लंबू पुटपुटला. "काका काय, जे लिहिलंय तेच वाचणार. आणि तेही अख्ख्या वऱ्हाडासमोर."

"हॉलच्या आधीच्या वळणावर मला सोड आणि तू जरा लांबून फिरून ये," पुठ्ठ्या त्याच्या कानात कुजबुजला. "मी पळत जाऊन काकांना पढवतो."

"आणि नाही पढवता आलं तर?"

पुठ्ठ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लंब्या, शब्द देतो तुला. काकांनी घडी उलगडायच्या आत ते पत्र मी खाऊन टाकीन. तिकिटासकट."