कोपरखळ्यांचा सीझन

"आई, आज तू जरा हसशील ना?" लेकीने स्वयंपाकघरात शिरून हळूच विचारलं.

जावईबापूंनी लिहिलेल्या विनोदी वेबमालिकेचा दुसरा सीझन सकाळीच आला होता. पहिला लोकांनी डोक्यावर घेतला, कारण त्यात हेच घर होतं: बाबांचं घोरणं, गळका नळ, एकच चष्मा शोधणारी चार माणसं. दुसऱ्यात सगळी मंडळी आलिशान जहाजावर गेली आणि हसू किनाऱ्यावरच राहिलं. लोक नावं ठेवत होते. "घरचेसुद्धा हसले नाहीत, तर तिसरा सीझन मी लिहीत नाही. परत विमा कंपनीत जातो," असं जावईबापूंनी जाहीर केलं होतं.

"खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. खोटं हसणं त्यातच आलं गं," आई म्हणाली.

"मग बाबांना तरी हसव. त्यांना धड ऐकू येत नाही. विनोद आला की मी तुला कोपर मारीन, तू त्यांना मार."

कोपर मारण्याबद्दल नेमात काही नव्हतं.

लेक, आई, बाबा असे सोफ्यावर ओळीने बसले. जावईबापू समोरच्या खुर्चीत, टीव्हीकडे पाठ करून, नुसते चेहरे बघत.

पहिली कोपरखळी नीट पोचली. बाबा गडगडाटी हसले, जावईबापू खुलले. पुढे मात्र विनोद काही येईना. वाट बघता बघता आईची जपाची वेळ झाली. तिने डोळे मिटून माळ ओढायला घेतली. मणी सरकला की तिचं कोपर हलतं, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा हसले. पुन्हा हसले. कप्तानाने होकायंत्र पुसलं, तरी हसले. कप्तानाची म्हातारी आई वारली, तेव्हा तर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बाबा! अहो, मेली ती!" जावईबापू ओरडले.

"मेली? मग मला हसवताय कशाला?" बाबा बरगडी चोळत म्हणाले. "तुमच्या सासूला विचारा. सोलून काढलंय मला!"

आईने डोळे उघडले. "मी? मी तर देवाचं नाव घेतेय."

"तू नाव घे, मी जीव सोडतो!"

लेकीने कपाळाला हात लावला. जावईबापूंचा चेहरा पडला. "म्हणजे हे ठरवून चाललं होतं."

तेवढ्यात आईला फिसकन हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला, पण ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, माळ गळून पडली. मग लेक हसली, आणि काय झालं ते न कळताच बाबाही.

"आई, तुम्ही खोटं हसत नाही ना?"

"नाही हो," डोळे पुसत ती म्हणाली. "पण त्या जहाजाला नाही बरं का हसले. ह्यांना हसले."

जावईबापूंनी टीव्ही बंद करून लॅपटॉप उघडला आणि लिहिलं, 'सोफ्यावर तीन माणसं. मधलीच्या हातात माळ.'

आईने माळ उचलून कपाळाला लावली. "देवा, तो सीझन फसला ही तुझीच कृपा," ती पुटपुटली आणि राहिलेला जप पुढे सुरू केला.

मणी सरकला. बाबा हसले.