मार्तंडरावांचा गुडघा

"बाबा, बघू नका हं, मी उठतेय," अस्मिता म्हणाली.

मार्तंडराव साटमांनी लगबगीने पेपर तोंडासमोर धरला. गेले तीन आठवडे घरात हाच नेम होता. सुनेला सातवा महिना लागला होता आणि कंबरेखालचे सगळे सांधे सैल पडून असे ठणकत होते की सोफ्यावरून उठणे ही एक मोहीमच झाली होती. आधी पुढे सरकायचे, मग गुडघे जुळवायचे, मग दोन्ही हात टेकून "आई गं" म्हणत वर यायचे. हे सासऱ्यांनी बघावे असे तिला वाटत नव्हते आणि सासऱ्यांना तर मुळीच वाटत नव्हते.

"झालं," ती म्हणाली. पेपर खाली आला.

मार्तंडरावांचे आयुष्य एका कॉलेजच्या लायब्ररीत गेले होते. तिथे बोलू नये अशी पाटीच असल्यामुळे त्यांचे छान निभावले. बाहेर मात्र कोणी नुसते नाव विचारले तरी आपण सांगतोय ते बरोबर आहे ना, अशी त्यांना शंका येई. पण मुलगा सुशांत सकाळी वांद्र्याला ऑफिसला गेला की रात्रीच उगवायचा आणि पत्नी रत्नप्रभाबाईंना रिक्षात मळमळायचे. त्यामुळे अस्मिताला गव्हाणपाड्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे न्यायचे काम त्यांच्याकडे आले. रिक्षाच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची, अस्मिताने आधी बसायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. पिशवी अंथरण्यात ते तरबेज झाले होते.

तिथल्या इरावती मॅडम तिशीच्या आणि फार मोकळ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मार्तंडरावांना आत बोलावले आणि प्लॅस्टिकची हाडे हातात घेतली.

"काका, इकडे बघा. हा पुढचा सांधा. इथे दुखतंय तिला. आणि हे मागचे दोन."

"हो हो," मार्तंडराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले.

"तिकडे नाही, काका, इकडे."

त्यांनी वहीत सगळे लिहून घेतले. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. मांडी घालायची नाही. एका पायावर भार द्यायचा नाही. आणि दोनदा अधोरेखित केलेले: जिने शक्यतो टाळायचे.

साटम चौथ्या मजल्यावर राहत होते. एका गुरुवारी दोघे मॅडमकडून घरी परतले तर लिफ्टच्या दारावर नोटीस. सोमवारपासून लिफ्ट बदलण्याचे काम, वीस दिवस लिफ्ट बंद. हरकत असल्यास रविवारच्या सभेत मांडावी.

अस्मिताने नोटीस वाचली. नुसता भिंतीला हात टेकला. 

"मी बोलतो सभेत," ते म्हणाले.

"तुम्ही?" घरी हे ऐकून रत्नप्रभाबाईंच्या हातातला झारा थांबला. "अहो, तुम्ही भाजीवाल्याला कोथिंबीर जुनी आहे म्हणून सांगू शकत नाही!"

पुढचे दोन दिवस मार्तंडराव हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल फिरत होते. मुद्दा एकाच वाक्याचा होता, पण ते वाक्य चारचौघांत उच्चारायचे कसे? सुनेचे दुखणे, तेही तिथले! "ओटीपोटाच्या खाली" लिहिले आणि खोडले. शब्दकोश काढून तिथल्या हाडांसाठी "श्रोणी" हा शब्द शोधला.

"श्रोणी?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "नक्षत्र आहे का ते? त्यापेक्षा मी जाते ना."

"नको. मी बोललोय तिला."

रविवारी सभेला तळमजल्यावर तीसेक माणसे जमली. सेक्रेटरी धवल उभा राहिला. "पहिला विषय लिफ्टचा. तर लिफ्टचं काम..."

एवढे पुरले. वाक्य विसरायच्या आत बोलून टाकावे म्हणून मार्तंडराव ताडकन उभे राहिले. तीस चेहरे वळले. त्यांत बायका होत्या. श्रोणी घशातच अडकली.

"लिफ्ट बंद करू नका," ते म्हणाले. "माझा... माझा गुडघा दुखतो."

 मग धवल म्हणाला, "ओके काका. नाही करत. डिलिव्ह... म्हणजे तीनेक महिन्यांनी बघू."

इतके सोपे! मार्तंडराव भरून पावले. खुर्चीवरून दारापर्यंत तरंगत गेले आणि मग त्यांच्या लक्षात आले की गुडघा दुखणारा माणूस तरंगत नाही. उंबऱ्यापासून त्यांनी लंगडायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून त्यांचे हाल सुरू झाले. संध्याकाळचा वाचनालयापर्यंतचा फेरा बंद. कुंपणाबाहेर पाय टाकायची चोरी. घरात अस्वस्थपणे येरझारा घालाव्यात, तर खालच्या मजल्यावरच्या शुभाताई वरती विचारायला यायच्या, "काकांचा गुडघा कसा आहे? चालण्याचा आवाज येतो म्हणून विचारलं."

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे धाकू परब तेलाची बाटली घेऊन लिफ्टपाशी भेटले. गिरणीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे, नजर अजून धाग्यावरची.

"काय ओ मार्तंडराव, काल उजवो पाय लंगडत होतो, आज डावो?"

मार्तंडराव गोठले. "दोन्ही," ते म्हणाले.

"दोन्ही? अरे देवा!" धाकूंनी आणखी एक बाटली आणून दिली.

त्या संध्याकाळी दोन नीकॅप आले, धवलने कुठूनशी व्हीलचेअर आणून दारात लावली आणि दोन्ही पायांनी लंगडणे शिकण्याची वेळ मार्तंडरावांवर आली. कठीणात कठीण म्हणजे अस्मिता.

"बाबा, इतकं दुखत होतं तर सांगायचं ना! आणि मला रिक्षातून नेत होतात!" तिचे डोळे भरून आले. "ही उंच खुर्ची तुम्ही घ्या."

ती खुर्ची तिची होती. घरात तेवढीच तिला सोसायची.

"नको, तू बस."

"नाही, तुम्ही बसा."

"अगं, बस गं तू!"

दोघेही उभे. रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कोणीतरी बसा रे! दोघांनीही उभं राहायचं नाहीये!"

खरे सांगावे असे मार्तंडरावांच्या दहादा मनात आले. पण खरे सांगितले आणि लिफ्ट बंद झाली तर? ते लंगडत राहिले.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी डोहाळजेवण होते. मार्तंडरावांना सकाळपासून एकच घोर. झोपाळ्यावर बसवतील, पाटावर मांडी घालायला लावतील आणि ही भिडेखातर बसेल. बायकांना सांगणार कोण? ते धीर गोळा करत हॉलमध्ये आले आणि पाहतच राहिले.

झोपाळा नव्हता. पाट नव्हता. उंच खुर्चीलाच शेवंतीच्या माळा लावल्या होत्या. पाठीशी उशी, पायांखाली लहान स्टूल, आणि गुडघ्यांमध्ये ठेवायच्या उशीला हिरव्या खणाचा अभ्रा. हिरव्या साडीत, फुलांच्या मुकुटात अस्मिता बसली होती आणि कितीतरी दिवसांनी आरामात हसत होती.

"हे... हे कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"कोणी म्हणजे?" शुभाताई म्हणाल्या. "अस्मितानेच. नोटीस लागली त्याच संध्याकाळी तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तुम्ही तो बघत नाही एवढंच. कुठे दुखतं, का दुखतं, चित्रासकट! अख्ख्या बिल्डिंगला माहितीय, काका."

"चित्रासकट?" मार्तंडरावांनी खुर्चीची पाठ धरली.

"लिफ्टचं काम तर आम्ही शुक्रवारीच पुढे ढकलायला लावलं. सभेत जाहीर करायचं म्हणून तिलाही बोललो नव्हतो."

पेढे घ्यायला दारात आलेला धवल ओशाळून हसला. "मी तेच सांगत होतो ना सभेत. तेवढ्यात तुम्ही उठलात."

"मग थांबवलं का नाहीस मला?"

"काका, एकवीस वर्षांत पहिल्यांदा बोलत होतात तुम्ही. अडवायला जीव नाही झाला."

हॉलमध्ये खसखस पिकली. अस्मिता मात्र हसली नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती.

"म्हणजे बाबा, तुमचा गुडघा..."

मार्तंडराव जवळच्या बुटक्या सोफ्यावर बसले. सगळ्यांसमोर कान लाल झाले होते, पण दोन आठवड्यांचे ओझे उतरले होते. आता लंगडणे संपले. आता सरळ उठावे, दोन्ही पायांनी ताठ चालत वाचनालयात जावे.

त्यांनी उठायला जोर लावला. कमरेच्या मागे, डावीकडे आणि उजवीकडे, अशी सणक गेली की ते होते तिथेच राहिले. कधी या, कधी त्या पायावर दोन आठवडे भार टाकल्याचे फळ वहीत लिहिलेले होतेच. ते पुढे सरकले. गुडघे जुळवले. दोन्ही हात टेकले. मग थांबून हळू आवाजात म्हणाले,

"अस्मिता, जरा बघू नकोस हं. मी उठतोय."

फुलांचा मुकुट सावरत अस्मिताने शेजारचा पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला.