नाना दात्यांची पेन्शन

आमच्या शेजारचे नाना दाते बंद पडलेल्या लिफ्टसमोर काठी टेकून उभे राहतात आणि येईल त्याला विचारतात, "जबाबदारी कुणाची?" शेजारची लिफ्ट चालू असली तरी तिच्यात पाऊल ठेवत नाहीत. परदेशातल्या या पुंगोल उपनगरात आमच्या ब्लॉकमधली चिनी माणसं आता त्यांना लांबून पाहूनच वाट बदलतात.

घरातही तेच. एकदा नातवानं मायलोचं चॉकलेटी दूध सांडलं.

"जबाबदारी कुणाची?"

"नॉट मी, लाह!" नातू इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाला. "कप पडला."

"शाब्बास! इंग्रज सरकारात नोकरी लागेल तुला."

इंग्रजांवरचा त्यांचा राग जुना आहे. तरुणपणी नाना आफ्रिकेत इंग्रज सरकारच्या जकात कचेरीत कारकून होते. तो देश स्वतंत्र झाला, इंग्रज गेले, नाना मुंबईला आले. पेन्शन मागितली तर लंडन म्हणालं, तिथल्या नव्या सरकारला विचारा. नवं सरकार म्हणालं, तुम्ही इंग्रजांचे नोकर, त्यांना विचारा. मी चौथी शिकलेली बाई. पण खरकटं पातेलं कुणी घासायचं यावरून दोन जावा भांडतात ते मला कळतं. हे त्यातलंच.

नानांनी पिच्छा सोडला नाही. ऐंशी उलटली तरी पत्रं चालूच. ते आता ज्याच्याकडे राहतात तो मुलगा संजय इथल्याच पाया लेबार भागात बँकेत मोठा साहेब आहे. तो एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, सोडा ना आता. तेवढे पैसे मी देतो दर महिन्याला."

नाना म्हणाले, "तू मला नोकरीवर ठेवलं होतंस का?"

गेल्या वर्षी त्या नव्या सरकारनं कळवलं, एकदाच थोडी रक्कम घ्या आणि यापुढं कुणाकडेच पेन्शन मागणार नाही अशी सही द्या. नाना सही करेनात. घरात धुसफूस सुरू झाली. शेवटी संजय माझ्याकडे आला. "मावशी, तुमचं ऐकतील ते. सही करायला सांगा."

आडवळणानं बोलणं मला जमत नाही. नाना खाली बाकावर बसले होते. मी म्हटलं, "नाना, पुरे झाला हट्ट. सही करा आणि मोकळे व्हा."

"ती रक्कम घेतली की विषय मिटला, वहिनी. पेन्शन लागली तर माझ्यामागं अर्धी मालतीला मिळेल. ती असेपर्यंत."

"तुमच्या बायकोला काय कमी आहे? संजय देईल की."

"देईल. मागितलं की देईल."

त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली.

"पगार झाला की मी सगळा तिच्या हातात ठेवायचो. मग महिनाभर तिच्याकडे मागायचो. बसला, दाढीला, सिगारेटला. ती ओरडायची, पण द्यायची. मागायची सवय मला आहे, वहिनी. तिला नाही."

मालतीला मी ओळखते. सुनेनं विचारलं नाही तर दुपारचा चहा न पिता बसते, पण मागत नाही.

"सही करू नका," मी म्हटलं.

संजय अजून माझ्याशी तुटक बोलतो. बोलू दे.