सबनीसकाकांचं लाकडी जहाज

सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, सबनीसकाका रोज सकाळी ग्लासभर नुसता बर्फ मागवायचे आणि तो टेबलावर ओतायचे. त्यात एक टूथपिक खोचायचे. बर्फ म्हणजे दक्षिण ध्रुवाचा समुद्र, टूथपिक म्हणजे जहाज. चहावाली चिनी बाई म्हणायची, "अंकल, टुडे ऑल्सो वॉर, आह?"

काका निवृत्त मरीन इंजिनिअर, पुण्याचे. इथे मुलाकडे राहायचे. त्यांच्या पहिल्या बोटीवरच्या नॉर्वेजियन चीफ इंजिनिअरचा बाप महायुद्धात या जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचा. जहाज सीलच्या शिकारीचं, जुनाट, लाकडी. युद्धात सरकारने ते ताब्यात घेतलं आणि ध्रुवाजवळच्या हवामान ठाण्यावर पाच माणसांना रसद पोचवायच्या कामाला जुंपलं.

"म्हातारीला पेन्शनच नाही रे!" काका म्हणायचे. "लोखंडी जहाजं चेपली असती तिथे ही नुसती कुरकुरायची!"

गोष्ट घाईत सांगावी लागे. इथल्या उकाड्यात दक्षिण ध्रुव दहा मिनिटांत टेबलावरून विजारीवर यायचा. आणि ती नेहमी एकाच जागी थांबायची: ठाण्यावरच्या माणसांना जहाजाचा धूर दिसतो. नात वैतागायची, "आजोबा, देन व्हॉट हॅपन्ड, लाह?" काका टेबल पुसायला घ्यायचे.

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी मुलाची जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीतली नोकरी गेली, नोकरीबरोबर इथे राहायचा पासही. मुलगा कतारला, सून नातीला घेऊन माहेरी, काका पुण्यात एकटे, असं ठरलं. निघायच्या दिवशी मी त्यांच्या बॅगा बांधायला गेलो होतो. सहज विचारलं, "काका, त्या धुराचं पुढे काय झालं?"

ते बराच वेळ कुलपाशी खटपट करत राहिले.

"बर्फ फुटेना. तीन दिवस धडका दिल्या, जहाजाचं पुढचं टोक फाटलं. कप्तानाने जहाज वळवलं. काठावरचे लोक हात हलवत होते. त्यांना वाटलं, हे दुसरीकडून वाट शोधतायत." त्यांनी कुलूप लावलं. "पुढच्या उन्हाळ्यात जहाज पोचलं, तेव्हा ठाण्यावर दोघंच उरले होते."

मी दुसऱ्या बॅगेचा पट्टा आवळला.

"तुझी काकू, कुमुद, हॉस्पिटलात होती, तेव्हा मी ब्राझीलच्या वाटेवर. फोनवर म्हटलं, येतो. बोट वळवणं माझ्या हातात होतं थोडंच? ती रोज नर्सला सांगायची, हे येतायत, माझी वेणी घालून द्या."

"मग?"

"पोचलो ना, उशिरा. वेणी छान घातली होती."